आप्पांचा पाचवा गिअर

आप्पांच्या घरात सकाळी पोहे करायचे का उपमा, ह्याचीसुद्धा सभा व्हायची. खोटं वाटेल तुम्हाला, पण मी स्वतः त्या सभेत पोह्यांच्या बाजूनं मतदान केलंय.

आप्पा म्हणजे माझे घरमालक. केजजवळच्या एका गावात दूध संस्थेत मला दुधाची फॅट तपासायची नोकरी लागली होती. संस्थेच्या समोरच आप्पांचं घर, आणि त्यांच्या माडीवरची खोली मी भाड्यानं घेतलेली. आप्पा त्या संस्थेचे माजी चेअरमन. माजी होऊन लई वर्षं झाली होती, पण ते फक्त संस्थेपुरतं. घरात त्यांची मुदत कधी संपलीच नाही.

सहकारातला एक नियम आधी सांगते, कारण त्याच्याशिवाय आप्पा कळायचे नाहीत. सभेला पुरेशी माणसं आली नाहीत तर सभा अर्धा तास तहकूब करायची. अर्ध्या तासानं तीच सभा त्याच जागी परत भरवायची, आणि आता कितीबी कमी माणसं असूद्या, चालतंय. काय ठराव करायचा तो करा. बाकीच्या लोकांना हा नियम म्हणजे अडचणीतली सोय वाटतो. आप्पांना तो राज्यकारभार वाटायचा. त्यामुळं ते सभा कायम अशा वेळेला लावायचे, की कुणी यायलाच नको.

गिअरबॉक्सची सभा अशीच झाली. काकू, म्हणजे आप्पांची बायको, गाय बघायला चारा छावणीत गेल्या होत्या. (दुष्काळाचं दुसरं साल होतं, गावातली निम्मी जनावरं छावणीत.) काकू कोपऱ्यावरून वळल्या न वळल्या तोच आप्पांनी मला खाली हाक मारली. ते खुर्चीत, मी उंबऱ्यावर.

"गणपूर्ती झाली का?"

"न्हाई आप्पा. दोघंच हाव."

"तहकूब."

मग आम्ही दोघं अर्धा तास भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो. अर्ध्या तासानं आप्पांनी टोपी परत सरळ केली आणि म्हणाले, "विषय क्रमांक एक. गाडीला पाच गिअरचा बॉक्स बसवणे. सूचक मी स्वतः. अनुमोदक?"

मी हात वर केला. नसता केला तर काय झालं असतं? परत तहकूब, परत शेंगा. त्या घरात मी भाडेकरू कमी आणि अनुमोदक जास्त होते.

आता गाडी. आप्पांकडं जुनीपुराणी ॲम्बेसेडर होती. पांढरी. म्हणजे मूळची पांढरी. दोन वर्षांत तिच्या अंगाला पाणी लागलं नव्हतं, आप्पा तिला कोरड्या फडक्यानं घासायचे, त्यामुळं रंग मातीचा पण चकाकी अशी की तिच्यात बघून टोपी घालावी. धुवायचं सोडा, पण रेडिएटरला तर पाणी लागायचंच ना? ते आप्पा चोरायचे. स्वतःच्या घरात! काकूंचं पाण्यावर घारीसारखं लक्ष. मग आप्पा न्हाणीत जाऊन नुसता तांब्या बादलीवर वाजवायचे, वर मोठ्यानं 'हर हर' म्हणायचे, अंगावर थेंब नाही, आणि बादली मागच्या दारानं गाडीकडं.

"अहो, आंघोळ केली का?" काकू विचारायच्या.

"केली की."

"मंग मानंवर माती कशी?"

"नवी हाय ती. आत्ता बसली. वारं किती हाय बघ की!"

ह्या गाडीचा गिअर खाली नव्हता, स्टिअरिंगच्या दांडीला होता. हँडगिअर म्हणतात. पुढं जायला गिअर चारच, आणि तेही मर्जी असली तर. मधेच अडकायचा. मग आप्पा उतरणार, बॉनेट उघडणार, आतल्या दोन सळ्यांना एक शिवी आणि एक ठोसा देणार, आणि परत येऊन चेअरमनसारखे बसणार.

पण खरी गंमत ही नाहीच. खरी गंमत अशी, की काकू त्या गाडीत बसायच्या नाहीत. अजिबात नाही. बाजाराला केजला जायचं, जीपनं. माहेरी तलवाड्याला जायचं, यष्टीनं. कपिलधारला जायचं, यष्टीनं. आणि आप्पा? आप्पा यष्टीच्या मागं गाडी घेऊन! देवाशप्पथ. पुढं यष्टीत काकू, मागं रिकाम्या गाडीत आप्पा, आणि मागच्या सीटवर काकूंची पिशवी, का तर यष्टीत गर्दीत पिशवी चेंगरते. यष्टी थांबली की आप्पा थांबणार. यष्टी हलली की आप्पा हलणार. कंडक्टर इतका ओळखीचा झालेला, की मागच्या खिडकीतून डोकं काढून ओरडायचा, "आप्पा, दम धरा, म्हातारी उतरतीया!"

एवढं करून आप्पा मागंच राहायचे. सपाटीला यष्टी सुटायची आणि चौथ्या गिअरला ॲम्बेसेडर नुसती बोंबलायची, पळायची नाही. मांजरसुंब्याच्या हॉटेलात आप्पा पोचायचे तेव्हा काकू बाकड्यावर बसलेल्या असायच्या आणि आप्पांचा चहा बशी झाकून ठेवलेला असायचा.

गाव हसायचं. आप्पांना त्याचं काही वाटत नव्हतं. "मी तिच्या मागं जातो ह्याचं काय न्हाई गं," ते मला म्हणायचे. "बायकूच्या मागं कोण जात न्हाई? पर दर बारीला तिनं माझी वाट बघत बसायची, हे बराबर न्हाई. एकदा तरी मी म्होरं जाणार. आन एकदा तरी ती ह्या सीटवर बसणार." असं म्हणून ते शेजारच्या सीटवर थाप मारायचे आणि तिथनं धूळ उडायची.

"पर काकू बसत कावून न्हाईत?"

"गिअरचं भ्या बसलंय तिला."

ह्या भीतीची गोष्ट गावात कुणीही सांगायचं, आणि सांगताना उभं राहून करून दाखवायचं. आप्पा पहिल्यांदा चेअरमन झाले तेव्हा मिरवणूक निघाली. पुढं बँड, मधे ॲम्बेसेडर, आप्पा स्वतः चालवतायत, शेजारी नव्या लुगड्यात काकू, दोघांच्या गळ्यात हार. चावडीजवळ गाडी जरा मागं घ्यायची होती म्हणून आप्पांनी रिव्हर्स टाकला, आणि गिअर तिथंच अडकला. निघेना. म्हणजे आता गाडी जाणार तर मागंच. बँडवाल्यांनाही कळेना, त्यांनी वाजवतच तोंडं फिरवली. मागं निवडणुकीत पडलेलं पॅनल गंमत बघत उभं होतं, ते एका झटक्यात मिरवणुकीच्या सगळ्यात पुढं आलं. विरोधकांच्या पाठोपाठ विजयी चेअरमन, उलट्या गाडीत, गुलाल खात. त्या दिवसापासून काकू गाडीत बसल्या नाहीत.

"म्हणून म्हणतो," आप्पा म्हणायचे, "हँडगिअर गेला की तिचं भ्या गेलं. आन पाचवा आला की यष्टी गेली." दोन्ही दुखण्यांना एकच औषध. लातूरच्या भंगारातनं त्यांनी नव्या मॉडेलच्या ॲम्बेसेडरचा पाच गिअरचा बॉक्स शोधून आणला आणि केजच्या मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्री म्हणजे दुसरं नमुनेदार माणूस. त्याला कुठलंही काम दाखवा, दोन दिवसांचंच असायचं. गाडीखाली न बघताच म्हणाला, "क्या आप्पा, मेरेकू इतना बी नै आता क्या? दो दिन का काम. तिसऱ्या दिवशी तुमी पुण्यात."

"पुण्याला कशाला? मला मांजरसुंब्याला जायचंय."

"वो तो फिर एकच दिन का काम हुआ."

हे झालं उन्हाळ्याच्या तोंडाला. पावसाळा आला, म्हणजे कॅलेंडरवर आला, तरी गाडी उघडीच.

गाडीखाली काम करायला खड्डा पाहिजे. आप्पांनी तोही शोधला. संस्थेच्या आवारात जनावरांना पाणी पाजायचा मोठा हौद होता, जमिनीत बांधलेला, छातीइतका खोल, आणि दोन वर्षं कोरडा ठणठणीत. आप्पांनी त्याच्यावर दोन जाड तुळया टाकल्या, गाडी वर चढवली आणि मिस्त्री खाली उतरला. झालं गॅरेज! दुष्काळानं आपल्याला काहीतरी दिलं म्हणणारा मी बघितलेला हा एकच माणूस.

नवा बॉक्स इंजिनाला बसेना. मधे एक जाड प्लेट लागणार होती. ऊसच नव्हता, त्यामुळं साखर कारखान्याचं धुराडं थंड आणि वर्कशॉपातली माणसं बाकावर बसून जांभया देत होती. आप्पा काम घेऊन आत गेले तर लेथवाल्यानं उठून त्यांना खुर्ची दिली. प्लेट अशी झकास करून दिली, की मिस्त्री तिच्यात बघून मिशी विंचरायचा. पण शाफ्टाचा घोळ झाला. बॉक्स लांब, म्हणून मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट आखूड करायचा होता. मिस्त्रीनं हाताची चार बोटं आडवी धरली आणि म्हणाला, "इतना काटना." आप्पांनी कारखान्यात जाऊन स्वतःची चार बोटं दाखवली. लेथवाल्यानं स्वतःच्या चार बोटांनी मापलं. आता, मिस्त्रीची बोटं म्हणजे शेवग्याच्या शेंगा आणि लेथवाल्याची बोटं म्हणजे केळी. शाफ्ट आला तो इतका आखूड, की दोन्हीकडं एकदम पोचेचना. मग कापलेला तुकडा शोधायला आप्पा परत कारखान्यात, भंगाराच्या ढिगात, टोपी खिशात घालून.

"चूक कुणाची?" मी विचारलं.

"सामुदायिक," आप्पा म्हणाले. "सहकारात चूक एकट्याची नसती."

आणि मग टँकरचा दिवस.

टँकर बरेच दिवस आला नव्हता. पिण्याचं पाणी कसंबसं ड्रमात होतं, पण जनावरांना आणि धुण्याला काहीच नव्हतं. त्या दिवशी दुपारी मिस्त्री हौदात, नवा बॉक्स त्याच्या शेजारी पोत्यावर, वर गाडी, आप्पा गाडीत बसून सूचना देतायत, आणि एकदम आरोळी आली, "टँकर आला रे!" सगळ्या आळीतनं बाया घागरी, बादल्या, कळश्या घेऊन पळत सुटल्या. टँकरवाल्यानं गाडी हौदाला लावली आणि जाड पाईप ओढून काढला.

"ऐ, थांब थांब!" आप्पा गाडीतनं ओरडले. "हौदात काम चालू हाय!"

"काम करा न्हाईतर झोपा," टँकरवाला म्हणाला. "जनावरांचं पानी हाय, ह्या खेपेला हौदातच सोडायची ऑर्डर हाय. हितं न्हाई तर पुढच्या गावाला चाललो. मला टाईम न्हाई."

आता बघा, दुष्काळात टँकर पुढच्या गावाला गेला म्हणजे काय ते सांगायला नको. सगळ्या बाया आप्पांकडं बघायला लागल्या. आप्पांनी खिडकीतनं हात वर केला. मला कळलं आता काय होणार.

"तातडीची सभा!" आप्पा म्हणाले. "विषय, गाडी हलवावी का टँकर..."

"सूचक मी!" गर्दीतनं आवाज आला. काकू. कमरेला पदर खोचलेला. "हौदात पाणी सोडायचं. अनुमोदन द्या गं!"

"दिलं!" अख्खी आळी.

"गणपूर्ती हाय का, चेअरमन?" काकूंनी विचारलं.

आप्पांनी गर्दीकडं बघितलं. एवढी गणपूर्ती त्यांना उभ्या आयुष्यात कधी मिळाली नव्हती. "हाय," ते म्हणाले.

"मंग मंजूर. मिस्त्री, वर या, न्हाईतर पवायला शिका!"

"अरे पर मेरा बॉक्स!" मिस्त्री खालून रडकुंडीला. "मणाच्या वर वजन है उसका!"

काकूंनी काय केलं असेल? आडाचा दोर आणला. मिस्त्रीनं खालून बॉक्सला फास टाकला, आणि वरून काकू आणि चार-पाच जणींनी दोर धरला. जन्मभर आडातनं पाणी शेंदलेले हात ते. एक, दोन, तीन, बॉक्स पोहऱ्यासारखा वर! कुणीतरी म्हणालं, "अगं, हलकाच हाय की गं." मिस्त्री बिचारा फडक्यानं हौदाचा तळ पुसून पोतं, पाने, ऑईलचा डबा छातीशी धरून वर चढला, पोरांनी गाडी ढकलून बाजूला केली, आणि धो धो पाणी पडलं. आप्पा अजून गाडीतच बसलेले. ढकलताना त्यांनी स्टिअरिंग तेवढं धरलं.

दुसऱ्या दिवशी मी दुधाची फॅट काढत होते तर खिडकीत आप्पांचं तोंड. "गाई त्या हौदावर पाणी पिल्यात. दुधाला ऑईल लागलं का बघ गं जरा. लागलं असंल तर आपलंच हाय, वाया न्हाई घालायचं."

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. टँकर गेल्यावर काकू ओट्यावर बसून हाताचं ग्रीस राखेनं घासत होत्या. समोर हौद भरलेला, पण पाण्याला हात लावला नाही. मी शेजारी बसले आणि माझ्या जिभेला हाड नाहीच.

"काकू, तुमाला गिअरचं भ्या वाटतं व्हय?"

"कोण म्हणलं?"

"आप्पा."

"त्यांना काय कळतंय!" काकू हसल्या. "मी बैलगाडी हाकलेली बाई हाय. गिअरला भेते व्हय? त्या दिवशी गाडी माघारी गेली ना, मी पदरात तोंड घालून हासत व्हते. लई मज्जा आली मला. मंग ह्यांनी गाडी ढकलायला पोरं बोलावली, आन माझ्याकडं बघून म्हनले, उतर. तेवढंच वजन कमी व्हईल." त्यांनी राखेची आणखी एक चिमूट घेतली. "बँडवाले, पोरं, पडलेलं पॅनल, समद्यांच्या म्होरं. मी नवं लुगडं नेसलेली, हार घातलेली. उतरले. ते वजन आजून कमीच हाय."

"मंग सांगितलं कावून न्हाई त्यांना?"

"इचारलं का त्यांनी मला? त्यांनी सभा घेतली. मी नसताना."

वर मला ताकीद, की तू सांगायचं नाही. माझ्या पोटात एरवी काही राहत नाही, माझी आई म्हणते ही रेडिओ आहे. पण हे राहिलं. कसं राहिलं मलाच माहीत. रोज आप्पा विचारायचे, "आता बसंल का गं ती? आता तर भ्यायचं काय कारण न्हाई." आणि मी आपली "बघू की आप्पा" म्हणून जिना चढायचे.

पावसाळा कोरडाच गेला आणि कार्तिकातल्या कपिलधारच्या यात्रेच्या आत गाडी एकदाची तयार झाली. बॉक्स बसला, जोड दिलेला शाफ्ट बसला, खालच्या पत्र्याला भोक पाडून नवा गिअर वर आला. पण तो आला नेमका पुढच्या सीटला मधोमध घासून. ॲम्बेसेडरची पुढची सीट म्हणजे सलग सोफा. मिस्त्री म्हणाला सीट कापू. आप्पांनी त्याच्या हातातली करवतच घेतली. "ती जागा हिची हाय. एक बोट कापायची न्हाई." त्यांनी बोट म्हटल्याबरोबर मिस्त्री दचकला. मग त्यानं सीटच्या ऐवजी गिअरचाच दांडा तापवून वाकवला, म्हाताऱ्याच्या काठीसारखा. आणि आप्पांनी जुना हँडगिअरही काढू दिला नाही. तो तसाच स्टिअरिंगला, कशालाच न जोडलेला. सवयीनं आप्पा आधी तो हलवायचे आणि मग खालचा.

"आप्पा, दोन-दोन गिअर?" लोक विचारायचे.

"एक कार्यकारी, एक मानद," आप्पा म्हणायचे.

यात्रेच्या सकाळी काकू नेहमीसारख्या यष्टीत चढल्या. आप्पांनी गाडीचं पुढचं दार उघडून ठेवलं होतं. काकूंनी दाराकडं बघितलं आणि यष्टीच्या खिडकीशी जाऊन बसल्या. आप्पांनी दार लावलं. मी मागं, मांडीवर पिशवी. माझी सुट्टी आप्पांनी परस्पर मंजूर करून घेतली होती.

नेकनूरच्या अलीकडं सपाट रस्ता लागला. आप्पांनी मानद गिअर हलवला, मग कार्यकारी, आणि खाड्‍ करून पाचवा पडला. काय सांगू! गाडीची बोंब एकदम बंद. नुसता गुंई आवाज. आप्पांनी माझ्याकडं आरशातनं बघितलं, लहान पोरासारखं. यष्टी जवळ आली, शेजारी आली, कंडक्टर दारात येऊन ओरडतोय, "आप्पा! आवं आप्पा! कुणाची गाडी चोरलीव?" अख्खी यष्टी खिडक्यांना. काकूंनी आमच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. पण उशिरा फिरवलं. मी बघितलं ना.

मांजरसुंब्याला आप्पा पहिल्यांदाच आधी पोचले. हॉटेलवाल्याला सांगितलं, "यष्टी मागं हाय आजून." शेजारच्या बाकड्यावरच्याला सांगितलं. त्याला यष्टीशी काही घेणं नव्हतं, तरी सांगितलं. मग म्हणाले, "आता हिचा चहा सांगून ठेवतो," आणि हॉटेलवाल्यानं विचारलं, "साखर कशी?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "कशी घेती गं ती?"

मी म्हणाले, "मला काय म्हाईत? मी चहा पीत न्हाई."

"दर बारीला तीच सांगती," आप्पा पुटपुटले. मग मोठ्यानं, "टाक बराबर."

चहा आला. यष्टी नाही आली. आप्पांनी बशी झाकली. दोनदा उचलून बघितली. मग ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले, डोळ्यांवर हात धरून. परत आले, परत गेले. असला अस्वस्थ माणूस मी कधी पाहिला नव्हता. "इतका येळ ती हितं बसायची?" ते म्हणाले. मला विचारलं का स्वतःला, कळलं नाही. तेवढ्यात एक जीपवाला उतरला आणि म्हणाला यष्टी नेकनूरच्या अलीकडं उभी आहे, टायर बसलाय, लोकं उन्हात.

आप्पांनी चहाचा ग्लास उचलून माझ्या हातात दिला. "धर. सांडू नगंस. तुझा हात फॅट काढून बसलेला हाय."

"ऐ आप्पा, ग्लास!" हॉटेलवाला मागं पळतोय, आणि आम्ही निघालोसुद्धा. पाचव्या गिअरला, खड्ड्यातनं, मी मांडीत ग्लास धरून, वर बशी, आणि आप्पा दर खड्ड्याला विचारतायत, "हाय का?" "हाय." "हाय का?" "हाय आप्पा, तुमी पुढं बघा!"

यष्टी बाजूला कललेली. काकू बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत तीन म्हाताऱ्यांबरोबर बसलेल्या. आप्पा उतरले, माझ्या हातनं ग्लास घेतला आणि काकूंपुढं धरला. माझ्या ड्रेसवर सांडून निम्माच राहिला होता.

"काय हे?"

"चहा."

काकूंनी एक घोट घेतला. "गार हाय. आन साखर लई हाय." आणि सगळा प्यायल्या.

यात्रेकरू, ड्रायव्हर, जॅक धरलेला कंडक्टर, सगळे बघत होते. आप्पांनी घसा खाकरला. मला वाटलं झालं, आता विषय क्रमांक एक. सवयीनं माझा हात निम्मा वर गेलाच.

"तू हात खाली घे," आप्पा मला म्हणाले. मग काकूंकडं वळले. "बसतीस का?"

एवढंच. ना सूचक, ना काही.

काकू उठल्या. लुगडं झटकलं. शेजारच्या म्हाताऱ्यांकडं हात केला. "ह्या बी येत्याल. गाठोडी हायेत. वजन चालंल ना?"

इतक्या वर्षांनी आप्पांना कुठं काय अडकलं होतं ते 'वजन' ह्या एका शब्दात दिसलं असावं. टोपी काढली, घातली. मग स्वतः जाऊन मागचं दार उघडलं आणि एकेक म्हातारीला हाताला धरून बसवलं, गाठोड्यासकट. मी कुठल्यातरी कोपऱ्यात, नाकाशी कुणाचीतरी विभूतीची पुडी. पुढचं दार उघडून ते उभे राहिले, काकू बसल्या, वाकड्या गिअरच्या पलीकडं पाय घेतले, तरी दार लावायचं त्यांना सुचेना. "लावा की," काकू म्हणाल्या.

निघालो. आप्पांनी दुसरा टाकला, तिसरा टाकला. आता काकूंना आणि तिन्ही म्हाताऱ्यांना दाखवायचं होतं त्यांना, पाचवा म्हणजे काय चीज आहे. पण रस्त्याला लागतोय न लागतोय तोच काकूंचं डोकं काचेला टेकलं. पहाटेपासून उठलेल्या, उन्हात बसलेल्या, झोप लागली. आप्पांनी एकदा बाजूला बघितलं. गिअरवरचा हात तिथंच ठेवला. नवा बॉक्स गिअर बदलताना खाड्‍ करून वाजायचा ना.

मग सगळा रस्ता तिसऱ्यात. इंजिन कण्हतंय, सायकलवाले पुढं जातायत, एका ट्रॅक्टरनं आम्हाला मागं टाकलं, आप्पांनी त्याला हातानं वाट करून दिली. मांजरसुंब्याच्या चढाला मागून टायर बदललेली यष्टी आली. ड्रायव्हरला चेव चढलेला, सकाळचं उट्टं काढायचं होतं, त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेना. कंडक्टर खिडकीतनं ओरडतोय, लोकं टाळ्या पिटतायत, "आप्पा, टाका की पाचवा!"

आप्पांनी खिडकीतून अख्खा हात बाहेर काढला, मग तोंडावर बोट ठेवलं, आणि डोळे वटारून सगळ्या यष्टीला गप्प बसवलं.